घराचं काम निघालंय आणि मुक्काम हॉटेलात हलवायचाय? आधी हे वाचा

बाथरूमची गळती खालच्यांच्या छतापर्यंत पोहोचते, सोसायटीचं पत्र येतं आणि मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आता फोडतोयच तर फरशी, ओटा, वायरिंग सगळंच उरकून घेऊ." इथवर सगळं सोपं असतं. खरा प्रश्न पुढचा: तोवर राहायचं कुठे? नातेवाइकांकडे चार-आठ दिवस निघतात, महिना निघत नाही. दीड महिन्यासाठी फ्लॅट भाड्यानं द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत बरीच कुटुंबं जवळच्या हॉटेलात किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये (रोजच्या दरानं मिळणारा, स्वयंपाकाची सोय असलेला फ्लॅट) मुक्काम हलवतात. हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, पण ठाणे-नाशिकलाही फार वेगळं नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. हॉटेलचं बिल हा घरकामाच्याच खर्चाचा भाग आहे आणि तो कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. काम आठवडाभर लांबलं तर त्याच्या खिशाला चाट बसत नाही, तुमच्या बसते. त्यामुळे कुठलं हॉटेल यापेक्षा घर नेमकं कधी सोडायचं आणि कधी परतायचं, याचा विचार जास्त करा.

आधी कामाचे टप्पे, मग खोली

मिस्त्रीला "किती दिवस लागतील?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "पंधरा-वीस दिवस, साहेब." त्याऐवजी विचारा: संडास कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत बंद असेल? पाणी किती दिवस नसेल? ओटा कधी निघणार आणि कधी बसणार? वायरिंगसाठी मेन स्विच किती दिवस बंद राहील? ही उत्तरं कागदावर मांडली की घर राहण्याजोगं नसणारे दिवस आपोआप समोर येतात, आणि हॉटेल फक्त तेवढ्याच दिवसांसाठी लागतं. रंगकामाची तयारी, कपाटांची मोजमापं, जुनं फर्निचर काढणं हे सगळं तुम्ही घरात असतानाही होऊ शकतं.

दोन बाथरूम असतील आणि काम फक्त तेवढंच असेल, तर एकेक करून घ्या आणि घरातच राहा. धूळ होईल, चिडचिड होईल, पण हॉटेलची गरज नाही. फरशी निघणार असेल किंवा दोन्ही बाथरूम एकदमच फोडायची असतील, तर मात्र घरात राहायचा हट्ट धरू नका. दम्याचा त्रास असलेलं माणूस किंवा रांगतं बाळ घरात असेल तर मुळीच नको.

काही दिवस कितीही घाई केली तरी कमी होत नाहीत. बाथरूममधलं जुनं काढलं की वॉटरप्रूफिंग, त्यावर कोबा (सिमेंटचा थर) आणि तो पक्का होण्यासाठी त्यावर पाणी. काँक्रीट ओलं ठेवण्याची भारतीय मानकातली किमान मुदत साध्या सिमेंटसाठी ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) १० दिवस आहे, आणि आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट मिश्रच असतं. "केमिकल टाकलंय, दोन दिवसांत टाइल्स लावू" असं कुणी म्हणालं तर त्या दोन दिवसांची किंमत पुढच्या पावसाळ्यात मोजावी लागेल. हॉटेलचे चार दिवस वाचवायला हा टप्पा कापणं ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महाग काटकसर.

पाणी भरून ठेवण्याची चाचणी टाइल्सच्या आधी करायची, आणि नहाणी ट्रॅपला (पाणी वाहून जायच्या तोंडाला) घट्ट बोळा लावून किमान दोन-तीन दिवस पाणी तसंच ठेवायचं. चाचणीच्या आधी खालच्या काकूंची परवानगी घेऊन त्यांच्या छतावरच्या ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा आणि फोटो काढा. चाचणीनंतर ओल रेघेच्या बाहेर सरकली आहे का, हे मग वादाचा विषय राहत नाही. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, तेव्हा ही चाचणी बुधवारी रात्री सुरू करायचा बेत आखू नका.

काम लांबण्याचं नेहमीचं कारण मात्र सिमेंट नव्हे, न आलेला माल. टाइल्स पसंत करून ऑर्डर दिली एवढ्यावर घर सोडू नका. टाइल्स एकाच बॅचच्या, तुटफूट धरून थोड्या जास्त, प्रत्यक्ष पार्किंगमध्ये येऊन पडल्या पाहिजेत. कमोड, नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा भिंतीतला खटका) यांचंही तेच. भिंतीतल्या पाइपाची जागा डायव्हर्टरच्या मापावर ठरते, आणि तो दुकानातच पडला असेल तर प्लंबर हात चोळत बसतो. सगळा माल आल्यावरच हातोडा चालवायला सांगा.

सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाच्या वेळा, दुपारची शांतता, रविवारची सुट्टी, लिफ्टमधून पोती न्यायची की नाही, राडारोडा कुठे ठेवायचा, हे आधीच विचारून घ्या. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असेल, तर मिस्त्रीचा दिवस दोन तासांनी लहान होतो, हे मुदतीत धरा. मंजुरीच्या पत्राची शिक्क्यासकट एक प्रत जवळ ठेवा, तिचा हॉटेलात उपयोग होतो. कसा, ते पुढे येईलच.

मुहूर्ताबद्दल दोन शब्द. दिवाळीला, छठला आणि होळीला बरेच कारागीर गावी जातात आणि "चार तारखेला येतो" म्हणणारा माणूस चौदाला उगवतो. पावसाळ्यात पुट्टी आणि गिलावा सुकायला वेळ लागतो. उलट तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि हॉलवाली हॉटेलं महाग होतात. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे दर बरे मिळू शकतात. ज्यांच्याकडे गणपती बसतो त्यांनी मात्र काम गणपतीआधी संपेल असं गृहीत धरून निघू नये. एकतर उन्हाळ्यात मोकळं व्हा, नाहीतर गणपती झाल्यावर सुरू करा.

हॉटेल, सर्व्हिस अपार्टमेंट की भाड्याचं घर

हिशेब मांडूनच बघा. समजा खोलीचा दर २,४०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे (आधी १२ होता), त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणजे खोली पडली २,५२० रुपयांना. आई-बाबा, दोन मुलं आणि आजी-आजोबा धरले तर दोन खोल्या, रोजचे ५,०४०. पंचवीस दिवसांचे झाले १,२६,०००. यात दोन वेळचं जेवण नाही, धुणं नाही. एवढ्या पैशात घरातली बरीच दारं बदलून होतात!

सर्व्हिस अपार्टमेंटचा दर रोजच्या हिशेबात जास्त दिसतो, पण तिथे ओटा, फ्रिज आणि बहुधा वॉशिंग मशीन असतं. सहा माणसांचं बाहेरचं जेवण दोन्ही बाजूंच्या हिशेबात धरून बघा, बऱ्याचदा अपार्टमेंट स्वस्त पडतं. भाड्याच्या घरासाठी डिपॉझिट, दलाली, सामानाचा टेम्पो आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार हे सगळं येतं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत लहान असली तरी. माझं मत असं: दहा-बारा दिवसांसाठी साधं हॉटेल, त्यापुढे महिना-दीड महिन्यापर्यंत सर्व्हिस अपार्टमेंट, आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त दिसत असेल तर भाड्याचं घर.

दुरुस्ती हौसेची नसून आग, पूर किंवा पाइप फुटल्यानं ओढवलेली असेल, तर आधी विमा पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित पॉलिसीत, विमा असलेल्या कारणानं घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी निवाऱ्याच्या भाड्याचीही तरतूद आहे. अशा वेळी काहीही फोडण्याआधी कंपनीला कळवा, नुकसान पाहणारा त्यांचा सर्व्हेअर येऊन जाऊ द्या आणि हॉटेलची प्रत्येक पावती जपा. नवी फरशी हवी म्हणून काढलेल्या कामाला यातलं काही लागू नाही.

खोली बघायला स्वतः जा

पहिली अडचण अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. बरीच लॉज आणि लहान हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र बघून खोली द्यायला नकार देतात. कोथरूडचं आधार कार्ड दाखवून कोथरूडमध्येच खोली मागितली की काउंटरवरचा माणूस संशयानं बघतो. हा त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो, आणि रात्री दहाला बॅगा, मुलं आणि आजीसकट त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी जाऊन मॅनेजरला भेटा, घराचं काम चालू आहे हे सांगा आणि सोसायटीचं ते शिक्क्याचं पत्र दाखवा. सगळं कुटुंब येणार म्हटल्यावर बहुतेकांची हरकत राहत नाही.

मुक्कामाला सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं लागतात. आधारची प्रत द्यायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली, मास्क्ड प्रत द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ती उतरवून घेता येते. मधेच परदेशी पासपोर्ट असलेली लेक किंवा नातवंडं राहायला येणार असतील, तर त्यांची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारकडे द्यावी लागते. हेही मॅनेजरच्या कानावर आधीच घाला.

आता खोली. हॉटेलच्या खाली किंवा मागे लॉन वा बँक्वेट हॉल आहे का, हे सगळ्यात आधी बघा. असेल तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या खिडकीखाली वरात नाचणार आणि उद्या मुलाची युनिट टेस्ट असणार. गरम पाणी गिझरचं आहे की सोलरचं? सोलरचं असेल तर किती वाजेपर्यंत? लिफ्ट जनरेटरवर चालते का? बाथरूमच्या दाराशी उंच उंबरा आहे का, कमोडशेजारी धरायला काही आहे का? (आजी हे स्वतः सांगणार नाहीत, तुम्हीच बघा.) खोलीत लहान फ्रिज आहे का, मुलांना वही ठेवून लिहिता येईल असं टेबल आहे का, दोन खोल्या एकाच मजल्यावर शेजारी मिळतील का? हॉटेल घरापासून दहा मिनिटांच्या रिक्षाच्या अंतरात असावं. शाळेची बस तोच थांबा घेईल आणि घरी रोज चक्कर मारता येईल. लांबचं हॉटेल दिवसाला चारशे रुपयांनी स्वस्त असलं तरी ते पैसे रिक्षात जातात.

ॲपवरून महिनाभराचं बुकिंग करू नका. समोरासमोर बसून दीर्घ मुक्कामाचा दर मागा. हिंजवडी-विमाननगरकडची कंपन्यांच्या गर्दीवर चालणारी हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवार रिकामी असतात, त्यामुळे सलग राहणारं कुटुंब त्यांना परवडतं. जे ठरेल ते ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: दरात जीएसटी धरलाय का, नाश्ता किती माणसांचा, जादा गादीचे किती, बाहेरचा डबा चालतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम मुदतीचं. ते साधारण असं असावं: "पंधरा दिवस पक्के. पुढचे दहा दिवस लागले तर त्याच दरात. लवकर निघायचं असेल तर तीन दिवस आधी कळवू, राहिलेल्या दिवसांचे पैसे लागणार नाहीत." दर शंभर रुपयांनी कमी करून घेण्यापेक्षा हे एक कलम जास्त पैसे वाचवतं.

हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ऐच्छिक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत.

घर सोडताना

दागिने आणि मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. हॉटेलच्या कपाटातली छोटी तिजोरी पासपोर्ट आणि थोड्या रोख रकमेपुरतीच. फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर शेजाऱ्यांकडे ठेवा. पाइप गॅस असेल आणि ओटा हलणार असेल, तर जोडणी फक्त गॅस कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या. "मी करतो ना" म्हणणाऱ्या प्लंबरला त्या पाइपला हात लावू देऊ नका. विजेच्या मीटरचा आकडा फोटोत टिपून ठेवा, ग्राइंडर आणि कटर दिवसभर चालले की बिल वाढतं. सामान हॉलमध्ये एकत्र करून प्लॅस्टिकनं झाकाल तेव्हा कडा चिकटपट्टीनं बंद करा. फरशी कापतानाची धूळ पीठासारखी असते, नुसत्या चादरीतून आरामात आत जाते.

आजोबांची औषधं महिनाभराची आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पेपरवाला, दूधवाला बंद. ऑनलाइन खरेदीचा पत्ता बदला, नाहीतर पार्सल बिगाऱ्याच्या हाती पडतं. कामाच्या मावशींचा पगार मात्र बंद करू नका. घर तुम्ही फोडलंय, सुट्टी त्यांनी मागितलेली नाही. जमल्यास त्यांच्याकडून आठवड्यातून दोनदा साइटवरची झाडलोट करून घ्या, त्यांनाही ते पटतं.

देवांचं काय, हा प्रश्न शेवटच्या दिवसावर ढकलू नका. बहुतेक हॉटेलांच्या खोल्यांत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, आणि उदबत्ती नेमकी त्याच्याखाली लावली की मजलाभर भोंगा वाजू शकतो. टाक आणि मूर्ती दीर-जाऊबाईंकडे किंवा शेजारच्या देवघरात ठेवतात, आणि खोलीत एखादी तसबीर, फुलं, हळदकुंकू एवढ्यावर भागवतात. आजींना हे पटायला थोडे दिवस द्या. तुळस शेजाऱ्यांच्या गॅलरीत.

खोलीतला संसार

पहिले तीन दिवस सगळ्यांना सहल वाटते. चौथ्या दिवशी मुलं बुफेतल्या पनीरला नाक मुरडतात आणि आजोबा विचारतात, "साधा वरणभात नाही का मिळणार?" इथे आपली तयारी कामी येते. बरोबर मेतकूट, साजूक तूप, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, लाह्या आणि राजगिऱ्याचे लाडू घ्या. रूम सर्व्हिसला फक्त साधा भात मागवायचा, "मऊ करा" असं सांगून. वर मेतकूट-तूप आपलं. नाश्त्याच्या वेळी किचनमधल्या माणसाशी ओळख वाढवा. दुसऱ्या आठवड्यात तो न सांगता तिखट कमी करतो.

रात्रीच्या जेवणाला मेसचा डबा किंवा जवळचं पोळी-भाजी केंद्र. चार स्टीलच्या ताटल्या, वाट्या, चमचे, एक सुरी आणि भांडी घासायची छोटी वडी एका पिशवीत असू द्या. इंडक्शन शेगडीला बहुतेक ठिकाणी मनाई असते. लपवून वापरू नका, खोलीचं वायरिंग त्यासाठी केलेलं नसतं. किटली फक्त पाण्याला. दूध उकळलं की ते तळाला करपतं आणि पुढच्या चहाला महिनाभर तोच वास.

हॉटेलच्या लाँड्रीचा दर नगावर असतो, शाळेच्या गणवेशांचा हिशेब केलात तर डोळे पांढरे होतील. किलोवर कपडे धुणारी दुकानं आता प्रत्येक उपनगरात आहेत. मोजे आणि आतले कपडे रोज बाथरूममध्ये, त्यासाठी दोरी आणि चिमटे आणा. हॉटेलच्या हँगरवर ओले कपडे लटकवून पडद्याच्या दांडीला अडकवू नका, दांडी खाली येते आणि बिलात चढते.

एका खोलीत चार माणसं म्हणजे कुणालाच एकांत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या वेळी मोठ्यांनी खाली लॉबीत बसावं, मॅनेजर काही म्हणत नाही.

साइटवर रोज कुणीतरी गेलंच पाहिजे, शक्यतो संध्याकाळी पाचच्या सुमारास, कारागीर निघायच्या आत. पाइप भिंतीत झाकले जाण्याआधी त्यांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. कोब्यावर पाणी आहे का ते बघा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, आणि शेवटचा हप्ता एवढा ठेवा की तो घ्यायला कॉन्ट्रॅक्टर परत यावा. "मी दिवसाला पाच हजार भरतोय" हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा, आणि उशीर झाल्यास दिवसाला किती कापणार ते करारात लिहा. ऐन वेळी त्यातलं थोडंच वसूल होतं, पण दुसऱ्या साइटवर माणसं पळवताना तो दोनदा विचार करतो.

परत कधी जायचं

"रंगाचा एक हात राहिलाय, तुम्ही या" असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तेव्हा जाऊ नका. चार गोष्टी तपासा. एक तरी संडास-बाथरूम पूर्ण चालू आहे आणि बादलीभर पाणी ओतल्यावर ते नहाणीकडेच वाहतं, दाराकडे नाही. ओट्यावर गॅस कंपनीच्या माणसानं जोडणी करून गळती तपासली आहे. सगळे प्लग टेस्टर लावून बघितले आहेत, अर्थिंगसकट. आणि ताज्या रंगाच्या खोल्या खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवस हवेशीर झाल्या आहेत. कपाटाचं हँडल, एखादा स्कर्टिंगचा (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचा) तुकडा राहिला असेल तर राहू द्या, त्यासाठी हॉटेलचं भाडं भरण्यात शहाणपण नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी हलू नका. पहिल्या रात्री दोघांनी घरी झोपावं, आजी-आजोबा आणि मुलांसाठी एक खोली आणखी एक रात्र ठेवावी. घरात माणसं राहायला लागली की पहिल्याच रात्री काहीतरी निघतं: गिझरचा एमसीबी (विजेचा सुरक्षा खटका) पडतो, फ्लशची टाकी भरतच राहते, नव्या दाराची कडी आतून अडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर येऊन गेला की बाकीच्यांना आणा.

हॉटेल सोडायच्या आदल्या संध्याकाळीच बिल मागून घ्या, कारण सकाळच्या घाईत कुणी नीट वाचत नाही. लाँड्री, रूम सर्व्हिस आणि मधेच बदललेला एखाद्या रात्रीचा दर, चुका बहुतेक इथेच सापडतात. ठरलेल्या दराचा मेसेज मोबाइलवर उघडून ठेवा, डिपॉझिट वळतं झालंय का बघा. मग तिजोरी, फ्रिजमधला तुपाचा डबा, बाथरूमच्या दारामागची दोरी आणि पलंगाशेजारच्या प्लगमधले चार्जर. यातलं काहीतरी हटकून राहतं, म्हणून मॅनेजरचा नंबर लगेच खोडू नका.